मदत हवी आहे: फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) कापलेली लिथगो .३०३ रायफल मूळ रूपात आणायची आहे

रायफल ऑस्ट्रेलियात, परवान्यावर. ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३*, लिथगो (ऑस्ट्रेलियातला शस्त्र कारखाना), १९४२. शिकारीसाठी फोरएंड मागच्या साइटच्या पुढे कापलाय. नोजकॅप (तोंडाकडची धातूची टोपी), आउटर बँड (लाकडाभोवतीचं धातूचं कडं), पुढचा हँडगार्ड (नळीवरचं लाकूड) गायब. दस्ता मूळचा, पण वर वॉर्निश. न वापरलेला जुना कोचवुडचा (ऑस्ट्रेलियन लाकूड) फोरएंड मिळतोय. तो सरळ बसेल का? आणखी काय मागवू?

प्रतिसाद १
पैसे भरण्याआधी नळी मोजा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करा, तोंडातून सळई आत सोडा आणि बोल्टला टेकली की खूण करा. २५.२ इंच, म्हणजे ६४० मिमी भरायला हवी. नळीही कापलेली असेल तर नोजकॅप बसवण्यात अर्थ नाही. नळी बदलणं गनस्मिथचं काम, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) तपासण्यासकट.

यादी: पुढचा हँडगार्ड, नोजकॅप दोन्ही स्क्रूंसह, आउटर बँड, इनर बँडचा (फोरएंडच्या आत नळीभोवती असलेल्या कड्याचा) स्क्रू आणि स्प्रिंग, नळीला खालून वर रेटणारा स्टड आणि त्याची स्प्रिंग, मागच्या साइटचा प्रोटेक्टर, पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूची कॉलर (स्क्रूभोवतीची छोटी धातूची नळी). शेवटची हमखास राहते. ती नसली तर स्क्रू आवळताना लाकूड चेपतं. जास्त लांब असली तर स्क्रू घट्ट लागतो आणि फोरएंड मात्र हलत राहतो.

प्रतिसाद २
फोरएंड सरळ बसत नाही, बसवावा लागतो. धक्का झेलतात ते मागच्या टोकाचे दोन खांदे, ज्यांना ड्रॉज म्हणतात. दोन्ही बाजूंनी बॉडीला (रायफलच्या धातूच्या मुख्य भागाला) एकसारखे टेकायला हवेत. कोचवुड मऊ, म्हणून लिथगोने तिथे तांब्याच्या पट्ट्या घातल्या. तुमच्या फोरएंडमध्ये त्या आहेत का बघा. बॉडीला काजळी आणि तेल लावून फोरएंड चढवा-उतरवा, डाग उमटेल तेवढंच तासा. घाईत जास्त तासलं की फट पडते आणि गोळी झाडताना मागचं टोक चिरतं.

आणि दस्ता आधी काढू नका! स्टॉक बोल्टचं (दस्ता बॉडीला जोडणाऱ्या लांब बोल्टचं) चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना हा बोल्ट फिरवला की फोरएंड फुटला. आधी फोरएंड, मग दस्ता. जोडताना उलट.

धागाकर्ता
नळी ६४० भरली. तांब्याच्या पट्ट्या नाहीत, डावीकडे खांदा आणि बॉडीच्या मधून कागद आरपार जातो.

प्रतिसाद २
मग कागद-पुठ्ठ्याच्या पाचरी नकोत, दोन दिवसांत चेपतात. दोन्ही खांदे चौकोनी कोरून तिथे कठीण लाकडाचे ठोकळे इपॉक्सीने बसवा, लाकडाच्या रेषा नळीच्या दिशेत, आणि मग तेच काजळीचं तंत्र.

प्रतिसाद १
वॉर्निश रसायनाने काढा, पॉलिश पेपर नको. दस्त्यावरचे शिक्के त्याने पुसले जातात, आणि तेच तर मोलाचे. नंतर कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ थर. वाळायला वेळ घेतं.