तालुक्याला तीनच दिवस जाता येत असेल, तर स्प्लिट कशासाठी?

वावरकर (धागाकर्ता):
आमच्या गावापासून व्यायामशाळा १४ किलोमीटरवर, तालुक्याच्या ठिकाणी आहे आणि परतीची शेवटची एसटी साडेसातला सुटते. तरीही तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी मला सहा दिवसांचे स्प्लिट, म्हणजे रोज शरीराचा वेगळा भाग घेणारे वेळापत्रक, लिहून दिले: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड आणि शनिवारी पोट. सोयाबीनच्या सोंगणीत आठवड्याचे तीन-तीन दिवस बुडू लागले आणि त्यांत गुरुवार हमखास असे, कारण आमच्याकडे बाजार गुरुवारी भरतो; परिणामी सव्वा महिना मी एकही स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन मारायची बैठक) मारला नाही. आता मी सोमवार, बुधवार आणि शनिवार असा फुल बॉडी, म्हणजे दर वेळी सगळ्या शरीराचा, व्यायाम करतो. स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर पडून वजन वर ढकलणे), रोइंग (कमरेत वाकून वजन पोटाकडे ओढणे) आणि खांद्यांचा प्रेस, प्रत्येकी तीन सेट, म्हणजे न थांबता केलेल्या तीन फेऱ्या. एखादा दिवस चुकला तरी प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळते. व्यायामानंतर स्नायूंमधील प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो, मग छातीला एकाच दिवशी वीस सेट देऊन पुढचे सहा दिवस ताटकळत ठेवण्यात कोणता लाभ आहे, हे स्प्लिटच्या समर्थकांनी सांगावे.

पांदणवाट:
आपल्याला मिळालेले वेळापत्रक वाईट होते, एवढेच यावरून सिद्ध होते. आठवड्यातील एकूण सेट सारखे ठेवले, तर ते दोन दिवसांत विभागले की तीन दिवसांत, याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मेहनतीच्या दर्जात. जड स्क्वॉट झाल्यावर कंबर आधीच थकलेली असते, त्यामुळे त्यानंतरचे रोइंग बहुतेक जण झटके देऊन उरकतात आणि वहीत मात्र तीन सेट पूर्ण झाल्याची नोंद करतात. मी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, भारनियमन सांभाळून, पाऊण तासात एक भाग संपवतो. शिवाय दिवसभर १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन कपाशीची फवारणी केली, तर त्या संध्याकाळी खांदे सोडून पायांचा व्यायाम करण्याची मुभा स्प्लिटमध्येच मिळते.

वावरकर:
पंप पाठीवर असला, तरी चिखलातून चालतात ते पायच! फवारणीच्या दिवशी मी तर कोणताच व्यायाम करत नाही.

भरतीवाला:
मी पोलीस भरतीची तयारी करतो, म्हणून माझा हिशेब वेगळा आहे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला, १५ गुण १०० मीटरला आणि १५ गुण गोळाफेकीला असतात. पायांचा स्वतंत्र दिवस ठेवला होता, तेव्हा पुढचे दोन दिवस जिना उतरतानाही कठड्याचा आधार घ्यावा लागे आणि धावण्याचा सराव बुडत असे. तेच सेट तीन दिवसांत वाटल्यापासून दुसऱ्या दिवशी पहाटे धावता येते. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या हाताने जात नाही, त्यामागचा जोर पायांतून आणि कमरेतून वर येतो, म्हणूनही मला फुल बॉडी पटते. तथापि ज्यांना धावायचे नाही, त्यांच्यावर हा नियम लादणे मला योग्य वाटत नाही.

पांदणवाट:
धावणाऱ्यांच्या बाबतीत हे मला मान्य आहे. परंतु वावरकर यांनी रोइंगबद्दलच्या आक्षेपाला उत्तर दिलेले नाही. चार दिवस मिळत असतील, तर दोन दिवस कमरेच्या वरचा आणि दोन दिवस खालचा भाग घ्यावा. त्यात प्रत्येक स्नायूला दोनदा काम मिळते आणि कंबरही ताजी राहते.

वावरकर:
आक्षेप रास्त आहे. कालच वही तपासली, तेव्हा दोन महिन्यांत स्क्वॉट २० किलोंनी वाढला असून रोइंग जिथल्या तिथे असल्याचे दिसले. येत्या बुधवारपासून आठवड्यातून एकदा रोइंग आधी आणि स्क्वॉट शेवटी घेईन. चौथा दिवस मात्र कापूस वेचून होईपर्यंत माझ्याकडून जमणार नाही.