सेमी इंग्रजी शाळेचा प्रभार मराठीच्या सरांकडे : पालकांचं काय मत?

सातवीतल्या मुलीचे वडील

यवतमाळ जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते आठवी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. जुने मुख्याध्यापक या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि शाळा उघडली तेव्हा कळलं की प्रभार सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांकडे गेला. सर डी.एड. आहेत, मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.ए. केलेलं. सगळी नोकरी खालच्या वर्गांवर आणि मराठी-इतिहासावर गेली. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिलेली नाही.

सरांच्या स्वभावाबद्दल, हजेरीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. प्रश्न शाळेचा आहे. मुख्याध्यापकानं वर्गात मागे बसून पाठ पाहायचा असतो, वह्या उघडून पाहायच्या असतात. सहावीत माझ्या मुलीची गणिताची वही पूर्ण भरलेली होती, सुवाच्य अक्षरात, आणि तिला त्यातलं एकही शाब्दिक उदाहरण स्वतःहून सोडवता येत नव्हतं. फळ्यावरचं इंग्रजी उतरवून घेतलं होतं, बस. ही गोष्ट ज्याच्या नजरेला पडली पाहिजे त्यालाच ते पुस्तक वाचताना अडचण असेल, तर पकडणार कोण? नववीला ही मुलं तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जातील, तिथं कॉन्व्हेंटच्या मुलांच्या शेजारी बसतील. व्हॅनचं भाडं आणि फी परवडत नाही म्हणून आम्ही इथल्या सेमीवर विश्वास टाकला.

शाळेत एक पदवीधर शिक्षिका आहेत, बी.एस्सी. बी.एड., टीईटी पास. प्रभार त्यांना द्यावा, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीनं करून पंचायत समितीला पाठवावा, असं माझं म्हणणं. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

पोडावरून येणाऱ्या दोन लेकरांची आई

भाऊ, तुमची पोरगी सातवीत हाये, तुमाले पुढचं दिसते. माहा लहाना पहिलीत गेला तवा त्याले मराठीच समजे नाई. आमच्या घरी कोलामी बोलतात. चार दिवस गेला अन् मंग घरीच बसला. सर पोडावर, म्हंजे आमच्या कोलामायच्या वस्तीवर आले, वट्ट्यावर बसले, त्याच्यासंग कोलामीत बोलले. दुसऱ्या दिवशी पोरगं सोताहून दप्तर घेऊन निंघालं. आता वाचते तो. सरायले आमची भाषा कोणी शिकवली नाई, तिकडच्या शाळेवर होते तवा पोरायपासूनच शिकले.

कापूस वेचाले लागला का आमच्या पोडावरचे अर्धे लेकरं वावरात दिसतात. तवा घरोघरी फिरणारा माणूस कोण हाये, गावात कोणालेही पुसा. मॅडम चांगल्या हायेत, पोरीइले जीव लावतात, पण पोडावर त्या कधी आल्या नाईत. तुमी म्हणता सरायले इंग्रजी येत नाई. मी म्हणतो, लेकरू शाळेतच नाई आलं तं इंग्रजी शिकवसान कोणाले?

सातवीतल्या मुलीचे वडील

ताई, तुमच्या बोलण्यातूनच माझा मुद्दा निघतो. सर पहिलीच्या वर्गात बसतात म्हणून तुमचं लेकरू शाळेत टिकलं. प्रभार घेतल्यावर सर त्या वर्गात किती वेळ बसतील? पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी आकडेवारीची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारच्या दुरुस्त्या, पंचायत समितीच्या बैठका. कोलामी बोलणारा शाळेतला एकमेव माणूस आपण ऑफिसच्या खुर्चीत बसवतो आहोत. यात पहिलं नुकसान पोडावरच्या मुलांचं आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख

आधी नियम पाहू, म्हणजे ठराव परत येणार नाही. प्रभार सेवाज्येष्ठतेनं दिला जातो. समितीला मुख्याध्यापक नेमायचा किंवा हटवायचा अधिकार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं तिला शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष, एवढं दिलेलं आहे. ते काही थोडं नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला याच कामासाठी ठेवल्या आहेत.

टीईटीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सांगितलं की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. ज्यांची त्याहून कमी उरली आहेत त्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. सरांची चार वर्षं उरली आहेत. प्रभार ही पदोन्नती नव्हे, तात्पुरती व्यवस्था आहे. त्यामुळे आदेश बेकायदा आहे असं कोणी लिहू नये.

अन् सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असला पाहिजे, असं त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. आपल्याकडे तेवढी मुलं नाहीत. म्हणून जो कोणी प्रभार घेईल त्याला वर्गही सांभाळावा लागणार.

डी.एड. झालेली, टीईटी पास पालक

नियम कळले, पण ‘तात्पुरती व्यवस्था’ चार वर्षं चालणार असेल तर ती तात्पुरती कशी? टीईटी १५० गुणांची असते, खुल्या गटाला ६० टक्के लागतात. ती पास होऊनही माझ्यासारख्या कितीतरी जणी भरतीची वाट पाहत घरी आहेत, सोयाबीन सोंगायला जातात. आम्हाला पात्रता दाखवा म्हणायचं आणि शाळेच्या प्रमुखाला ती लागत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. सरांचा अनुभव मोठा आहे, मान्य. अनुभवाला पात्रतेच्या जागी बसवू नका, एवढंच.

तिसरीतल्या मुलाचे वडील, समिती सदस्य

टीईटी वर्गात शिकवण्याची पात्रता पाहते. शाळा चालवता येते का, हे त्या पेपरात कुठे विचारतात? सर आधी ज्या शाळेवर होते तिथं मी स्वतः जाऊन आलो. स्वयंपाकीण बाईपासून सरपंचापर्यंत सगळे आदरानं बोलले. कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलं आहे. कोलाम हे राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांची भाषा येणं ही पात्रता कागदावर कुठेच मोजली जात नाही, म्हणून ती नाहीच असं धरायचं का?

आणि एक विचारतो. मॅडमना प्रभार हवा आहे का, हे कोणी विचारलं? मी विचारलं. त्या म्हणाल्या, सहावी, सातवी, आठवीचं गणित-विज्ञान माझ्या एकटीकडे आहे, प्रभार आला तर तेच बुडेल. भाऊ, सरांना पहिलीतून उठवल्यानं होणारं नुकसान तुम्ही दाखवलं. मॅडमना सातवीतून उठवल्यावर तुमच्या मुलीचं काय?

सातवीतल्या मुलीचे वडील

मॅडमचं म्हणणं मला माहीत नव्हतं. त्यांची इच्छा नसेल तर त्यांच्या नावाचा आग्रह मी धरत नाही. वह्या कोण तपासणार, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे आणि सरांच्या चांगुलपणानं तो सुटत नाही. ठरावात मी हे मागणार : वरच्या तीन वर्गांच्या गणिताच्या वह्या आणि चाचण्या दर महिन्याला समितीसमोर याव्यात, तपासायला बाहेरचा इंग्रजी-गणित जाणणारा शिक्षक आपल्या शाळांच्या केंद्रातून मिळावा. आठवीची मुलं एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचीच. वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, आणि आपल्या शाळेतून कोणी फॉर्मच भरत नाही. रिकामं पद भरण्याची मागणी तारखेसकट. हे सरांना मान्य असेल तर प्रभाराला माझा विरोध नाही. नसेल तर आहे.

डी.एड. झालेली, टीईटी पास पालक

वह्या तपासायला मी येईन, मानधन नको. पण ‘पात्र व्यक्तीची नियमित नेमणूक करा’ हे वाक्य ठरावात पहिलं हवं, शेवटी नको. त्याशिवाय मी सही करणार नाही.

पोडावरून येणाऱ्या दोन लेकरांची आई

वह्याइचं बराबर हाये, माह्याही लेकरायच्या पाहा. सर प्रभारात गेले तरी सकायचा पयला तास पहिलीवर त्याइनंच घ्यावा, हे बी लिहा. अन् सभा दुपारी शाळेत ठेवसान तं आमची रोजी बुडते, कोणी येणार नाई. मंगळवारी बाजाराचा दिवस हाये, त्या दिवशी कामं बंद रायतात. संध्याकाळी पोडावर ठेवा. सरायले मी सांगतो.