निधीसाठीची नानकटाई आणि बेकरीतली नानकटाई: तुलना नेमकी कशी करावी?

वाचनालय_कोथरूड
सोसायटीच्या वाचनालयाच्या निधीसाठी दिवाळीआधी नानकटाई विकायची आहे. बचत गट साजूक तुपातली करून देणार, ३०० ग्रॅमचा डबा ३०० रुपयांना. जवळच्या बेकरीत सुटी ४८० रुपये किलो मिळते. "चव तीच, मग दुप्पट पैसे कशाला?" असा काही सभासदांचा सवाल आहे. दोन्हींची रास्त तुलना कशी करायची?

भट्टीचा_पत्रा
आधी दोन्ही भाव १०० ग्रॅमवर आणा: १०० रुपये आणि ४८ रुपये. डबा केवढा दिसतो ते सोडा, आतला माल काट्यावर ठेवा.

मग साहित्याचा हिशेब. मैदा ५०० ग्रॅम, बेसन १००, रवा ५०, पिठीसाखर ३५०, तूप ४००. ओलावा उडून भाजल्यावर साधारण १३४० ग्रॅम उरतात. तूप ६५० रुपये किलो धरलं तर ४०० ग्रॅमचे २६०, बाकी सगळं मिळून पन्नासेक. म्हणजे किलोमागे साहित्य सुमारे २३० रुपये. तुपाऐवजी १६० रुपये किलोचं वनस्पती तूप (डालडा) घातलं की हाच आकडा ९० च्या आत येतो. भाव तुमच्या दुकानातले घाला, पण किमतीची गोम तुपात आहे हे बदलणार नाही.

४८० रुपयांत खरं तूप बसूच शकत नाही असं मात्र नाही. बेकरीत सरळ विचारा. आणि सभासदांना तुमच्या डब्याचा हिशेब फोडून सांगा: साहित्य इतकं, गटाची मजुरी आणि भट्टीची भाजणावळ इतकी, वाचनालयाला इतके. वरचे पैसे देणगी आहेत, ते चवीच्या खात्यात धरू नयेत.

वेलदोडा
बंद पाकीट असेल तर घटकांची यादी वाचा. जास्त वजनाचा घटक आधी लिहिलेला असतो. मैदा, साखर, मग "खाद्य वनस्पती तेल (पाम)" आणि तूप पार शेवटी असेल, तर पुढच्या बाजूला तुपाचं चित्र असून काय उपयोग? यादीत आकडे दिसले तर ५०३(ii) म्हणजे बेकरीचा अमोनिया, ५०० (ii) म्हणजे खायचा सोडा. अमोनियाने खुसखुशीतपणा येतो, पण जाड नानकटाई कमी भाजली तर त्याचा उग्र वास आत राहतो.

तुमच्या डब्यावरही घटक, निव्वळ वजन, भाजल्याची तारीख आणि गटाचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणी) क्रमांक हवाच.

आणि पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांना या तुलनेत ओढू नका, तो जिन्नसच वेगळा.

तीन_बशा
"चव तीच" हे तपासता येतं. प्रत्येकाला तीन सारखे तुकडे द्या, दोन एका प्रकारचे आणि एक दुसऱ्या प्रकारचा. वेगळा कोणता ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं बरोबर येतं, म्हणून १२ जणांत निदान ८ जणांनी अचूक ओळखलं तरच फरक खरा धरा. बशांवर फक्त आकडे, क्रम दर वेळी बदललेला, मध्ये पाण्याचा घोट. रंग वेगळा असेल तर डोळे मिटून खायला लावा. दोन्ही माल त्याच दिवशी भाजलेले हवेत. नाहीतर तुम्ही ताजं विरुद्ध शिळं मोजाल. आवड कुठली, हा प्रश्न त्यानंतर.

वाचनालय_कोथरूड
हे शनिवारी करतो. गटाच्या नमुन्यात काही नानकटाया पसरट झाल्या होत्या, ते कशामुळे?

भट्टीचा_पत्रा
तूप पातळ होतं. रवाळ, थिजलेलं तूप साखरेबरोबर हलकं होईपर्यंत फेसायचं, मग पीठ. गोळे पत्र्यावर मांडून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले तर आकार टिकतो. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून जास्त भाजू नका, गार होताना घट्ट होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबे भरायचे नाहीत, वाफ आत कोंडली की दोन दिवसांत सादळते.