‘कॅरन’ ही शिवी झाली, आता त्या नावाच्या बायकांनी काय करायचं?

माधवी_न्यूजर्सी:
अमेरिकेत ऊठसूट तक्रार करणाऱ्या, तोरा दाखवणाऱ्या गोऱ्या बाईला ‘कॅरन’ म्हणतात. काल इथे एकाने लिहिलं, ‘कॅरन नावाच्या बायकांनी उगाच लावून घेऊ नये, गंमत असते ती.’ वाचून डोकं फिरलं. माझी शेजारीण कॅरन, साठीची. १९६५ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत हे नाव तिसऱ्या क्रमांकावर होतं. माझ्या बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा हिनेच पंधरा दिवस जेवण आणून दिलं. आता दुकानात बिल चुकलं तरी ती गप्प पैसे भरते. बोलली की झालीच ‘कॅरन’! ही कसली गंमत?

रोहित_ओकलंड:
माधवीताई, शेजारीण भली असेल. पण हा शब्द एवढा पसरला कशाने? २५ मे २०२०, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. पक्षी बघायला आलेल्या काळ्या माणसाने एका गोऱ्या बाईला कुत्रा बांधायला सांगितलं. तिने पोलिसांना फोन लावला, हा माझ्या जिवावर उठलाय म्हणून. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. अशा फोनने माणूस जातो. असल्या बाईला काळे लोक पूर्वीपासून ‘मिस ॲन’ म्हणत आलेत.

माधवी_न्यूजर्सी:
अहो, पण त्या बाईचं नाव कॅरन नव्हतंच! चोर सोडून संन्याशाला फाशी. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच ऑक्टोबरात असल्या वंशद्वेषी फोनांविरुद्ध कायदा केला, त्याची आद्याक्षरंही ओढूनताणून ‘कॅरन’ होतील अशी जुळवली. कायदा हवाच. नाव कशाला?

दाभोळकर_खाडीवाले:
अमेरिका राहू द्या. मुंबईत हवालदाराला ‘पांडू’ म्हणता ना सगळे? माझे वडील पांडुरंग, आणि पोलिसातच. शाळेत पोरं मला ‘पांडूचा’ म्हणायची. विठोबाचं नाव आहे ते! आणि कोकणातून आलेला प्रत्येक घरगडी ‘रामा’. खरं नाव कुणी विचारलं?

सुलभा_पुणे:
आमच्याकडेही रामा होता, पण अगदी घरच्यासारखा.

दाभोळकर_खाडीवाले:
घरच्यासारखा, मग कपबशी वेगळी का? माझा चुलता गिरगावात असाच ‘घरच्यासारखा’ राबला.

सुलभा_पुणे:
तुम्ही आला होतात का आमच्या घरी बघायला? आईने त्याच्या मुलीच्या लग्नाला पैसे दिले होते. ...नाव मात्र आठवत नाही त्याचं. आत्ता खूप आठवून पाहिलं.

रोहित_ओकलंड:
रामा आणि कॅरन एका तागडीत घालू नका. एक नाव वरच्यांनी खालच्याला दिलं, दुसरं खालच्यांनी वरच्याला. पांडूच्या हातात तर काठी असते.

दाभोळकर_खाडीवाले:
काठी होती. आणि वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत आम्ही सात जण. वरचा कोण ते सांगा की!

रोहित_ओकलंड:
बरं, पांडू नाही म्हणणार. तेवढं मान्य. कॅरन म्हणणार, तसा फोन करणारीलाच.

माधवी_न्यूजर्सी:
म्हणा. शनिवारी ती माझ्याकडे चहाला येणार आहे. माझ्या घरात तो शब्द कुणी काढायचा नाही, एवढं मुलांना बजावून ठेवलंय.