कॅप्सूल स्पंज चाचणी: ‘नमुना अपुरा’ आणि ‘टीएफएफ३ निगेटिव्ह’

प्रश्न
बॅरेटच्या अन्ननलिकेसाठी (अन्ननलिकेच्या खालच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी येतात, तो विकार) एन्डोस्कोपीच्या आधी कॅप्सूल स्पंज (दोऱ्याला बांधलेला, गिळून परत ओढून काढायचा, अन्ननलिकेतल्या पेशी गोळा करणारा) वापरताना दोन शंका आहेत. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट कशामुळे येतो? आणि टीएफएफ३ (त्या नमुन्यात बॅरेटच्या पेशी शोधणारी रंगचाचणी) निगेटिव्ह आलं की विषय संपला का?

उत्तर १
बहुतेकदा घाई नडते. जिलेटिनचं आवरण जठरात विरघळून स्पंज फुलायला ५ ते ७ मिनिटं लागतात. फुललेला गोळा ३ सेंटिमीटर व्यासाचा. आधीच ओढला तर तो नीट फुललेला नसतो. दुसरी चूक म्हणजे गिळताना दोरा ताणून धरणं. कॅप्सूल वरच थांबते आणि अन्ननलिकेतच फुलते. दोरा सैल हवा, टोक तेवढं हातात.

स्लाइडवर नुसत्या स्क्वॅमस पेशी (अन्ननलिकेच्या मूळच्या, चपट्या) दिसल्या, जठरातली स्तंभाकार (उंचट) पेशी एकही नाही, तर स्पंज जठरापर्यंत गेलेलाच नाही. त्याला निगेटिव्ह म्हणू नका. चाचणी पुन्हा करा.

उत्तर २
दुसऱ्या शंकेबद्दल. टीएफएफ३ हे गॉब्लेट पेशींचं (आतड्यात असतात तशा, चिकट स्राव बनवणाऱ्या) प्रथिन, त्यामुळे बॅरेटचा पट्टा आखूड असला तर पेशीही थोड्याच हाती लागतात. बेस्ट२ अभ्यासात (२०१५) संवेदनशीलता (बॅरेट असलेल्यांपैकी किती जण चाचणीत सापडतात) सुमारे ८० टक्के होती. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात ८७. म्हणजे निगेटिव्हनंतरही लक्षणं बदलली तर पुन्हा बघायचं.

पॉझिटिव्ह म्हणजे बॅरेट, असंही नाही. जठराच्या तोंडाशी आतड्यासारख्या पेशी असल्या तरी टीएफएफ३ रंगतं. बेस्ट३मध्ये (२०२०) पॉझिटिव्ह आलेल्या २२१ जणांची एन्डोस्कोपी झाली, त्यात १३१ जणांना बॅरेट किंवा कॅन्सर निघाला. बायोप्सीशिवाय निदान लिहू नये. धोका कुणाला जास्त, हे पी५३ (कॅन्सर रोखणारं प्रथिन; त्यातला बिघाड बघतात) आणि पेशींची विकृती बघून ठरवतात.

उत्तर ३
एक गोष्ट राहिली: हा स्पंज बॅरेट आणि त्यातून होणाऱ्या अ‍ॅडिनोकार्सिनोमासाठी (ग्रंथीसारख्या पेशींच्या कॅन्सरसाठी) आहे. स्क्वॅमस कॅन्सर बॅरेटमधून येत नाही, टीएफएफ३ त्याला पकडणार नाही. तिथे लुगॉल आयोडीन (अस्तर रंगवणारं द्रावण) लावून केलेली एन्डोस्कोपीच.

घास अडकतोय, वजन उतरतंय, शौच काळी होतेय, तर स्पंजमध्ये वेळ घालवू नका. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असल्या तर स्पंज नकोच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असली तर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्नकर्ता
दोरा तुटला तर?

उत्तर ३
बेस्ट३मध्ये १,६५४ जणांनी स्पंज गिळला, एकाचाच दोऱ्यावरून सुटला. तो एन्डोस्कोपीने काढला. घसा दुखणं मात्र नेहमीचं, सुमारे ४ टक्के.