सायकल, खोका आणि विमान: तुमचं काय काय झालं?

चढावर दम लागणार, पावसात भिजणार, हे टूरला निघताना धरलेलंच असतं. माझी खरी दमछाक मात्र आदल्या रात्री होते, घरातच, फरशीवर बसून सायकल विमानासाठी खोक्यात भरताना.

पहिल्या वेळी डावं पेडल काढायला पंधराचा पाना लावला आणि नट ढिला करतात तसा फिरवत राहिलो. तळहाताला फोड आला तरी पेडल हलेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे तासभर मी ते आवळतच बसलो होतो! दुसऱ्या दिवशी काउंटरवर खोका भरला २४.६ किलो, मर्यादा २३. मागे रांग. सगळ्यांसमोर चिकटपट्टी फाडली, कुलूप आणि हत्यारं काढून पाठीवरच्या पिशवीत कोंबली. पुढे सुरक्षा तपासणीत तोच पंधराचा पाना काढून घेतला. उतरल्यावर पेडलं हातानेच आवळली आणि दुकान सापडेपर्यंत जीव मुठीत धरून सायकल हाकली.

आता तुम्ही सांगा. नियम नकोत. ते आधी वाचलेले असतात आणि काउंटरवर वेगळेच निघतात. घडलेलं सांगा.

*

माझं पॅकिंग अगदी चित्रासारखं झालं होतं. दोन्ही चाकं काढलेली, फ्रेमला फोम, साखळीला जुना टी-शर्ट. उतरल्यावर जोडायला घेतली तर पुढच्या चाकाची डिस्क ब्रेकमध्ये जाईचना. प्रवासात कशाने तरी ब्रेकचा लिव्हर दाबला गेला होता. मध्ये डिस्क नसताना हायड्रॉलिक ब्रेक दाबला की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि आपणहून मागे सरत नाहीत. नवीन सायकलसोबत मध्ये घालायचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मिळतो. तो मी पहिल्याच दिवशी कचरा समजून फेकला होता. टायर लिव्हरच्या टोकाने हळूहळू पॅड मागे रेटले, अर्धा तास गेला. हल्ली पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घालते आणि ब्रेकचा लिव्हर रबरबँडने सैल बांधून ठेवते.

*

टायरमधल्या हवेवरून कुणाचं भांडण झालंय का? माझं दरवेळी होतं. "हवा पूर्ण सोडा, वर टायर फुटेल." अहो, सामानाचा कप्पाही माणसांच्या केबिनसारखाच दाबाखाली असतो. आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो त्याच्या खाली जात नाही. म्हणजे टायरला फरक जाणवतो तो जेमतेम चार पीएसआयचा. ८० पीएसआयचा टायर त्याने फुटत नाही. पण हे शास्त्र काउंटरवर काढायचं नाही, विमान आपल्याला सोडून जातं.

माझे टायर ट्यूबलेस. एकदा सांगितलं म्हणून हवा पार काढली, तर टायरची कड रिममधून सुटली आणि आतलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, खोकाभर पसरलं. चिकट पांढरं दूध, हातमोज्यांपासून नकाशापर्यंत. आता वीसेक पीएसआय ठेवतो आणि विचारलं की "सोडली आहे" म्हणतो. खोटं नाही, सोडलेली असतेच.

*

बॅटरीवरची सायकल असेल तर विमानाचा नादच सोडा. सुट्या लिथियम बॅटरीला १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडवत नाहीत, १६० पर्यंत परवानगी घेऊन. सायकलची बॅटरी सहज ४००-५०० ची असते. मी बॅटरी घरी ठेवून नुसती सायकल नेली, तिकडे भाड्याने बॅटरी घेऊ म्हटलं. मिळाली ती बसेना. सात दिवस पंचवीस किलोचं धूड मारलं.

*

माझ्यामुळे निदान एकाचा तरी एक्सल वाचावा म्हणून लिहितो.

पुठ्ठ्याचा खोका, बाहेरून भक्कम. तपासणीसाठी तो कुणीतरी उघडला आणि परत बंद करताना वरची एकच पट्टी लावली. मोठ्या सामानाच्या बाजूच्या दारातून खोका आला तेव्हा हाताला धरायचं भोक फाटून दुप्पट झालेलं. फ्रेम शाबूत, गिअर बदलणारा डिरेलर शाबूत. खाली बसून एकेक वस्तू मांडली तर मागच्या चाकाचा थ्रू-एक्सल, म्हणजे चाक फ्रेमला धरून ठेवणारा आरपार दांडा, नाही. त्या भोकातून घरंगळला असणार.

वाटलं, एक्सलच तर आहे, मिळेल. पहिल्या दुकानात होता, पण लांबीला कमी. दुसरीकडे लांबी जुळली, आटे जुळेनात. १२ मिलिमीटरच्या एक्सललाही आट्यांचं अंतर १, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असं वेगवेगळं असतं, हे ज्ञान मला तिथे काउंटरला टेकून झालं. बाकीचे सकाळी निघाले. त्यांच्या मागच्या दिव्यांची लुकलुक वळणापर्यंत दिसली, मग मी आत येऊन परत झोपलो. एक्सल तिसऱ्या दिवशी मिळाला. मधला सगळा रस्ता बसने.

आता एक्सल काढले की चाकातच परत घालतो. सुटे स्क्रू एका पिशवीत आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्यात सुटं काही म्हणून नाही.

*

वरच्यांनी विमान कंपनीकडे तक्रार केली का? माझा डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा, वाकला होता. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. जादाचा जवळ होता, बदलला आणि निघाले. टूर संपवून बाराव्या दिवशी तक्रार दिली, तर मुदत संपलेली. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार हातात मिळाल्यापासून सात दिवसांत द्यावी लागते. उशिरा आलेल्या सामानासाठी एकवीस. भरपाईलाही मर्यादा आहे, १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार सध्या १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), सायकल कितीही महाग असो. तेव्हा विमानतळ सोडण्याआधीच खोका उघडून बघा, फोटो काढा. आणि चेक-इनला "नाजूक वस्तू, जबाबदारी मर्यादित" अशा कागदावर सही मागतात, ती वाचून करा. मी हसत हसत केली होती.

*

माझं मत उलटं आहे. खोकाच नको. मी मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत सायकल घालतो, हँडल आडवं, पेडलं आत वळवलेली, बस्स. उचलणाऱ्याला दिसतं ना की ही सायकल आहे, मग तो तिच्यावर चार सुटकेस रचत नाही. सहा वेळा नेली, एक ओरखडा. काही कंपन्या मात्र पिशवी घेतच नाहीत, तेवढं आधी विचारायचं.

शिवाय खोकेवाल्यांनो, टूर एका गावी सुरू होऊन दुसऱ्या गावी संपत असेल तर खोका ठेवता कुठे?

*

मी ठेवला होता पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात. त्यांनी दुसऱ्या मुक्कामाला पाठवतो म्हणून सांगितलं आणि पाठवलाही, घडी घालून, मधोमध दुमडून. शेवटच्या संध्याकाळी मी सायकलची दुकानं बंद व्हायच्या आत रिकामा खोका मागत हिंडत होते. सापडला तो लहान मुलांच्या सायकलचा. दोन फाडून एक केला.

*

सगळं वाचलं. माझी उद्या पहाटेची फ्लाइट आहे आणि आत्ता डावं पेडल निघत नाहीये. कुणी जागं आहे का?

*

आहे. पान्याचा दांडा वर ठेवा आणि मागच्या चाकाकडे ढकला. उजव्यालाही तेच.