शब्दचर्चा : ‘आर्ट थेरपी’ला पत्रकात काय म्हणायचं?

खाजणकाठ (वेंगुर्ला) :
आमच्या वाचनालयात दिवाळीनंतर दर शनिवारी आर्ट थेरपीची, म्हणजे चित्रं-मातीकामातून मनावर उपचार करण्याची, सत्रं ठेवतोय. सकाळी मुलं, दुपारी मोठी माणसं. प्रशिक्षित बाई रत्नागिरीहून येणार आहेत. कच्च्या पत्रकात मी ‘चित्रकला वर्ग’ लिहिलं, तर एका वडिलांनी लगेच विचारलं, “इंटरमीजिएटला उपयोग होईल ना? दहावीला मार्क वाढतात.” ‘मानसोपचार’ लिहावं तर शेजारच्या काकी म्हणणार, “माज्या झीलाक काय येड लागला नाय!” मधला शब्द सुचवा. कलाचिकित्सा, कलोपचार, चित्रोपचार हे तीन कागदावर आहेत.

खडूफळा :
मराठीच्या मास्तरकीतून निवृत्त झालोय, त्यामुळे सवयीने लांबण लावतो.

कलाचिकित्सा आधी खोडा. ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ सरकारी पाटीवर असतात हे खरं, पण रोजच्या बोलण्यात चिकित्सा म्हणजे कीस काढणं. ‘मुलगा फार चिकित्सक आहे हो’ हे स्थळ बघून आलेली माणसं कौतुकाने म्हणत नाहीत. लोकांना वाटेल, मुलांनी काढलेल्या चित्रांची चिरफाड होणार.

कलोपचार हा संधी चोख आहे. निसर्गोपचार, मानसोपचार यांच्याच कुळातला शब्द. विग्रह मात्र बघा. मानसोपचार म्हणजे मनावर उपचार, दंतोपचार म्हणजे दातांवर. त्या चालीने कलोपचार म्हणजे कलेवर उपचार, आणि ‘कलेवर’ या अक्षरांचा मराठीत दुसरा अर्थ काय होतो ते वाचनालयवाल्यांना सांगायला नको.

फणसपोळी :
गुरुजी, हसून झालं. आता थोडं कामाचं. मी समुपदेशक आहे. (या शब्दातही ‘उपदेश’ शिरून बसलाय आणि आम्ही दिवसभर तोच गिळत असतो.)

तुम्ही विग्रहाचा प्रश्न काढलात, पण या क्षेत्रातला मूळ वाद विग्रहाचाच आहे. ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने दिलं. क्षयासाठी आरोग्यधामात पडून असताना तो चित्रं काढत राहिला, त्यात त्याला बरं वाटलं, मग आजूबाजूच्या रुग्णांच्या हाती त्याने कागद-पेन्सिल दिली. पुढे अमेरिकेत दोन बायकांनी दोन वाटा धरल्या. मार्गारेट नॉमबर्ग यांच्या लेखी चित्र म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं बोलणं. ते काढायचं आणि मग त्याच्याबद्दल बोलायचं. म्हणजे ‘कलेने उपचार’, तृतीया तत्पुरुष. मुलांमध्ये काम केलेल्या ईडिथ क्रेमर म्हणायच्या, घडवणं हेच औषध, पुढे बोलणं झालं तर झालं. म्हणजे ‘कला हाच उपचार’, कर्मधारय. कलोपचारात दोन्ही विग्रह बसतात, म्हणून माझं मत त्याला.

खडूफळा :
कर्मधारय! पोरांना हे उदाहरण द्यायला मिळालं असतं तर दोन बाकं तरी जागी राहिली असती.

चितारी_कुडाळ :
आमची गणपतीची शाळा आहे. नवख्यांसाठी : आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. लोक घरचा पाट आणून देतात, त्यावर मूर्ती होते. आषाढ-श्रावणात गल्लीतली पोरं येऊन बसतात. एक मुलगा होता, घरी बोलायचा पण शाळेत (खऱ्या शाळेत) तोंड उघडायचा नाही. आजोबा त्याला आणून सोडायचे. ओल्या गोणपाटाखालचा मातीचा गोळा ओढायचा आणि नुसते उंदीर करायचा. कान नखाने दाबायचा, शेपूट तळहातावर वळून लावायचा, रांगेत मांडायचा आणि घरी जाताना त्यातला एक मुठीत चिरडायचा. रोज एकच. आम्ही काही विचारलं नाही. चतुर्थीपर्यंत आमच्याशी बोलायला लागला. ही आर्ट थेरपी नव्हे तर काय? उगाच तज्ज्ञ आणि पत्रकं कशाला?

फणसपोळी :
दादा, मुलाला बरं वाटलं हे नक्की. त्याला मी विरंगुळा म्हणेन, आणि विरंगुळ्याला कमी लेखत नाही. मोठ्यांसाठी दुकानात रंगवायची पुस्तकं मिळतात, तीही त्याच खात्यात. तुम्ही प्रश्न विचारले नाहीत, ‘छान झालाय’, ‘कान वाकडा झालाय’ असलंही काही म्हणाला नाहीत, ते तर फारच बरं केलंत.

पण तो चिरडलेला उंदीर बघा. प्रशिक्षित माणूस तिथे थांबला असता. अर्थ सांगायला नव्हे. ‘हा उंदीर म्हणजे तुझे मास्तर’ असलं बोलणारा भेटला तर उठून यावं. तो एवढंच विचारेल, “याचं पुढे काय होतं?” आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या वेळी माती तयार ठेवेल. माती द्यायची की पेन्सिल, हेसुद्धा ठरवून. पेन्सिल हाताच्या ताब्यात राहते, घाबरलेल्या माणसाला तिचा आधार वाटतो. पाण्याचे रंग पसरतात, त्यात मन सुटतं, पण कधी कधी झेपत नाही इतकं सुटतं. तेव्हा सावरायला कुणीतरी लागतं. उपचार आणि विरंगुळा यांच्यात फरक आहे तो हा. ब्रिटनमध्ये तर ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पदवी कायद्याने राखलेली आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही.

आणखी एक. काही शिक्षक मुलांना घर, झाड, माणूस काढायला लावून स्वभाव सांगत बसतात. ती बक नावाच्या मानसशास्त्रज्ञाची १९४८ची चाचणी, थेरपी नव्हे. तीही शिकलेल्या माणसाच्या हातची. काळा रंग वापरला म्हणून मूल दुःखी, असं काही नसतं. डब्यात काळाच खडू उरलेला असू शकतो.

सड्यावरचा :
मध्येच बोलतो. आपल्याकडे ‘गाऱ्हाणं’ आहे की. मनातलं देवापुढे मांडायचं, सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गाऱ्हाणं-चित्र म्हणा!

खडूफळा :
गाऱ्हाणं बहुतेक वेळा दुसरा घालतो. मानकरी किंवा घरातला वडीलधारा बोलतो, ज्याची अडचण तो हात जोडून मागे उभा. इथे त्याने स्वतः मांडायचं आहे. कल्पना सुरेख, पण पत्रकात नको.

चित्रोपचार राहिला. तो सोपा आहे पण तोकडा, त्यात माती बसत नाही. चिताऱ्यांचे उंदीर बाहेरच राहतील. उलट कलोपचार ऐसपैस, त्यात गाणं, नाच, दशावतारही शिरेल. फणसपोळी, नेमकी व्याप्ती किती?

फणसपोळी :
इंग्रजी नावात ‘आर्ट’ म्हणजे दृश्यकलाच : चित्र, माती, कोलाज. संगीत, नृत्य, नाट्य यांच्या थेरप्या वेगळ्या मोजतात. म्हणून पत्रकात शब्द कलोपचार ठेवा आणि लगेच खाली ‘चित्र, माती, कागदकाम’ लिहा. शब्दाने सगळं सांगितलंच पाहिजे असा हट्ट नको. कंसात ‘आर्ट थेरपी’ही येऊ द्या. मोबाइलवर शोधणारी आई तेच शोधते.

खाजणकाठ :
मग असं लिहितो :
“कलोपचार (आर्ट थेरपी) शिबिर. चित्र, माती, कागदकाम. चित्रकला येण्याची गरज नाही. चित्रांना गुण नाहीत, प्रदर्शन नाही. तुमचं काम तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवलं जाणार नाही. मार्गदर्शक : रत्नागिरीच्या प्रशिक्षित कलोपचारक.”
आणि काकींसाठी तोंडी : “चित्र बरा येवक होया असा काय नाय, मन हलक्या झाला म्हंजे झाला.”

चितारी_कुडाळ :
तोंडी जाहिरात पत्रकापेक्षा चांगली जमलीय. माती माझ्याकडून न्या, शाडू भिजवूनच देतो. कोरडी आणून तिथे भिजवायला गेलात तर पहिला शनिवार गुठळ्या फोडण्यात जाईल.

फणसपोळी :
खाली टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांकही टाका, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्याला शनिवारपर्यंत थांबणं शक्य नाही त्याला तो लागेल. शिवाय चालू असलेली औषधं सत्रासाठी बंद करू नयेत, अशी एक ओळ.

सड्यावरचा :
‘रत्नागिरीच्या’ काढा हो. तिथे मनोरुग्णालय आहे, कुणी जरा वेगळं वागलं की आमच्या वाडीत “ह्येका रत्नागिरीक धाडा” म्हणतात. आता रत्नागिरीच इथे येतेय म्हटल्यावर काकी दार लावून घेतील.

खडूफळा :
आणि ‘शिबिर’ काढून ‘सत्र’ करा. वाचनालयात शिबिर म्हटलं की निम्मी माणसं मोतीबिंदू दाखवायला येतात.